दहाव्या रकान्यातली दोन अक्षरं

मी बोलतोय, पण आधी तुम्ही कोण ते सांगा. कोणी पाठवलं तुम्हाला? आणि तुम्ही तेच आहात हे कशावरून? रागावू नका. समोरच्याचं बोलणं तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हाच माझा धंदा आहे. मी एक डबा आहे, उपग्रहांचं ऐकून वाट सांगणारा. चार आसनांच्या एका छोट्या विमानात, वैमानिकाच्या अगदी समोरच्या पॅनेलवर मी नऊ वर्षं बसलो होतो.

वर आकाशात उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण सारखं सांगत असतो, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. चौघांचं ऐकलं की मी कुठे आहे ते मला कळतं. पण त्या चौघांतला एखादा थाप मारत असेल तर? म्हणून मी पाचवा शोधतो. पाच जण मिळाले की कोणीतरी खोटं बोलतंय एवढं समजतं. कोण खोटं बोलतंय हे समजायला मात्र सहावा लागतो. सहा जण हाताशी आल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नसते. ताकच काय, मी पाणीसुद्धा फुंकून पिणारा.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा तिथल्या तपासनीस बाईंनी मला एका लोखंडी पेटीत कोंडलं आणि सात लुटुपुटीचे उपग्रह माझ्या कानात सोडले. त्यातला एक मुद्दाम खोटा होता. मी त्याला दोन सेकंदांत पकडून बाजूला केलं. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा नव्या सुनेवर नजर ठेवणाऱ्या सासूसारखा आहे गं. ह्याच्या तावडीतून काही सुटायचं नाही." इतकं कौतुक मला पुढे आयुष्यात कधी मिळालं नाही.

माझा पहिला मालक रस्ते बांधणारा ठेकेदार होता. विमानतळावर सगळे त्याला बडेसाहेब म्हणत, आणि तोही स्वतःला तेच समजे. त्याच्या विमानात मला बसवायला एक म्हातारा इलेक्ट्रिशियन आला. त्याने मला पॅनेलमध्ये सरकवलं, छपरावर माझा अँटेना लावला, वायरी जोडल्या. मला एकदम आठ उपग्रह ऐकू आले. मग त्याने विमानातल्या दोन रेडिओंपैकी दुसऱ्यावर बोलण्याचं बटण दाबलं आणि "एक, दोन, तीन" असं म्हटलं. आठचे आठ उपग्रह गप्प झाले. त्याने बटण सोडलं, थोड्या वेळाने ते परत आले. त्याने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच झालं.

मी लगेच निष्कर्ष काढला. माणसाचा आवाज आला की हे उपग्रह तोंड फिरवतात, म्हणजे ह्यांच्यात काहीतरी साटंलोटं आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जास्तच डोळा ठेवायला लागलो.

इलेक्ट्रिशियनने मान हलवली, तो साहेबांशी बाहेर उभं राहून बराच वेळ बोलला, आणि जाण्यापूर्वी माझ्या खाली काहीतरी चिकटवून गेला. काय ते मला दिसलं नाही. माझा चेहरा समोर असतो, स्वतःच्या हनुवटीखालचं कोणाला दिसतं? दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि त्यांनी त्याच जागी एक छोटं गोल घड्याळ दाबून बसवलं. पॅनेलवर विमानाचं चांगलं मोठं घड्याळ असताना ह्या दुसऱ्या घड्याळाचं काय काम? टिकटिक, टिकटिक. त्याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

आता तुम्हाला त्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. उडण्याआधी वैमानिकाने एक फॉर्म भरून काउंटरवर द्यायचा असतो. कुठून निघणार, कुठल्या वाटेने जाणार, पेट्रोल किती तासांचं आहे, असं सगळं त्यात असतं. त्यातला दहावा रकाना विमानातल्या साधनांचा. तिथे वाक्यं लिहीत नाहीत, एकेक अक्षर लिहितात. 'एस' म्हणजे नेहमीचे रेडिओ आणि जमिनीवरून येणाऱ्या रेडिओच्या खुणा ऐकणारी जुनी यंत्रं. 'जी' म्हणजे मी, उपग्रहवाला. आणि 'आर' म्हणजे, ह्या विमानाला अरुंद, नेमक्या वाटेने ढगातून नेलं तरी चालेल, तशी रीतसर परवानगी आहे.

बडेसाहेबांनी तिन्ही अक्षरं लिहिली. एस, जी, आर. काय सुंदर अक्षर होतं त्यांचं. काही लोक नावापुढे पदव्या लावतात, तशी ती अक्षरं ते लावायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. साहेब सुट्टीच्या दिवशी लख्ख उन्हात अर्धा तास उडायचे आणि परत यायचे. ढगाचा एवढासा तुकडा दिसला तरी त्यांना अचानक घरचं काम आठवायचं. त्यामुळे ती अक्षरं खरी आहेत की खोटी, हे बघायची वेळच कधी आली नाही. उलट त्यांचा तो सुबक फॉर्म काउंटरच्या काचेखाली नमुना म्हणून ठेवला गेला, आणि सगळे त्यावरून उतरवून घेऊ लागले. खोटं जुनं झालं की त्याच्याकडे कोणी वर मान करून बघत नाही.

माझीही एक गोष्ट सांगतो. मला चालू केलं की मी आधी स्वतःची तपासणी करतो आणि मग पहिलं पान दाखवतो. त्यावर दोनच ओळी असतात. पहिली, माझी तब्येत ठीक आहे. दुसरी, मला कशासाठी वापरायची परवानगी आहे ते शेजारच्या सूचनेत वाचा. आणि खाली, वाचलं असेल तर बटण दाबा. दुसरी ओळ पुरती उमटायच्या आत साहेबांचा अंगठा बटणावर पडायचा. माणसांची ही सवय मी नंतरही पाहिली. जिथे 'वाचलं' असं कबूल करायचं असतं, तिथे त्यांचा अंगठा डोळ्यांच्या पुढे धावतो.

सात वर्षांनी साहेबांना उडण्याचा कंटाळा आला आणि विमान ताईंकडे आलं. ताई म्हणजे ह्या विमानतळावरची एकटी बाई वैमानिक, सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान विमानांचे मेकॅनिक, तेच आमच्या विमानाची देखभाल करायचे. त्या त्यांना भाऊजी म्हणत, आणि ते त्यांना घरच्या नावाने, चिमे.

ताईंबद्दलही मला सुरुवातीला संशय होताच. फार हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. पण बाई हाताने हलकी होती. शेतांचे, धरणांचे, नव्या रस्त्यांचे वरून फोटो काढायचं काम त्या करायच्या. ते काम स्वच्छ हवेतलंच. रेडिओवर बोलताना उपग्रह मला सोडून जायचे आणि माझी पाटी कोरी व्हायची, तेव्हा त्या मला बोटाने टिचकी मारून म्हणायच्या, "काय रे, झोपलास का?" बाहेर नदी दिसत असायची, डोंगर दिसत असायचा. माझ्यावाचून काही अडत नव्हतं. फॉर्मवर मात्र त्या काचेखालची तीन अक्षरं उतरवून घ्यायच्या. विमान तेच, डबा तोच, मग अक्षरं वेगळी कशाला? आणि पहिल्या पानावर त्यांचाही अंगठा साहेबांइतकाच चपळ होता.

मग ड्रोन आले आणि फोटोंचं काम आटलं. महिना महिना आम्ही हँगरमध्येच, विमानाच्या शेडमध्ये, उभे. भाऊजी रोज येऊन विमान पुसायचे, जे आधीच पुसलेलं असायचं. विमान विकायची बोलणी मी माझ्या कानांनी ऐकली. अशा वेळी एक डोळ्यांचे डॉक्टर देवासारखे आले. देवासारखे आले म्हणून मला त्यांचाही संशय आला. डोंगरापलीकडच्या गावात त्यांना दर मंगळवारी ऑपरेशनं करायला जायचं होतं. रस्त्याने सहा तास, विमानाने पन्नास मिनिटं. आधी एका मंगळवारी जाऊन बघू, जमलं तर वर्षभर तुम्हीच न्या, असं ते म्हणाले.

त्या गावाच्या धावपट्टीला जमिनीवरून येणारी रेडिओची कुठलीच खूण नाही. ढग असले तर तिथे उतरायचा एकच मार्ग, उपग्रहांवर विसंबून दोन डोंगरांच्या मधून. ताई त्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन, दुसऱ्यांच्या विमानावर शिकून, परीक्षा देऊन आल्या होत्या. हा मंगळवार गेला तर विमान जाणार, हे त्यांना ठाऊक होतं, भाऊजींना ठाऊक होतं आणि मलाही.

मंगळवारी सकाळी डोंगरांवर ढग बसलेले होते.

काउंटरवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण काउंटरवरचे काका आता ते येणाऱ्या प्रत्येक नव्या वैमानिकाला सांगतात, त्यामुळे मला तोंडपाठ आहे. ह्या काकांना सगळे पाठीमागे खोडरबर काका म्हणतात. त्यांच्या काउंटरवर फॉर्म पेन्सिलीनेच भरावा लागतो. शाई वाळली की माणूस हट्टाला पेटतो, असं त्यांचं म्हणणं. फॉर्म घेताना ते एका हाताने कागद ओढतात आणि दुसऱ्या हाताने खोडरबर पुढे सरकवतात. लोकांना त्यांचा फार राग यायचा.

ताईंनी फॉर्म दिला. डॉक्टर मागच्या बाकावर, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन बसले होते. काकांनी चष्मा वर केला.

"दहाव्या रकान्यात जी आणि आर लिहिलंय. पान दाखवा."

"कसलं पान?"

"विमानाच्या पुस्तकात ह्या डब्याचं एक पान असतं. ढगातून न्यायला परवानगी आहे असं लिहिलेलं, सही-शिक्क्याचं."

"काका, दोन वर्षं मी हीच अक्षरं लिहितेय. आजच बरं तुम्हाला आठवण झाली?"

"दोन वर्षं तुम्ही उन्हात उडत होता. ढगातून जायचा फॉर्म आज पहिल्यांदा आलाय."

"ह्याच विमानाचा फॉर्म तुमच्याच काचेखाली आहे. बघा की, तीच अक्षरं आहेत."

काकांनी काचेखाली बघितलं. मग म्हणाले, "तो मीच ठेवलाय. अक्षर सुरेख होतं म्हणून ठेवला. पान मी तेव्हाही मागितलं नव्हतं." आणि मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा ताई, एक अक्षर लिहायला तीन गोष्टी लागतात. डबा विमानात हवा आणि धड चालायला हवा. तुमचा हात त्यावर बसलेला हवा. आणि परवानगी हवी. तिकडचा, रेडिओवरून वाट देणारा कंट्रोलर ना तुम्हाला बघणार, ना डब्याला. तो फक्त अक्षर बघणार आणि तुम्हाला त्या दोन डोंगरांच्या मधे सोडणार."

खोडरबर पुढे सरकला. ताईंनी त्याला हात लावला नाही. "आणते पान," म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या.

भाऊजी दाराशीच होते. विमानाकडे येता येता त्यांचं कुजबुजणं मला ऐकू आलं. "चिमे, डोकं शांत ठेव. ह्या म्हाताऱ्याचा पुतण्या समोरच्या हँगरमधलं विमान चालवतो, माहितीये ना तुला? तुझा मंगळवार त्याला द्यायचाय. म्हणून ही सगळी नाटकं."

मला ते तंतोतंत पटलं. अशी गोष्ट मला कधीच पटायला वेळ लागत नाही. मी मनातल्या मनात काकांना नापास करून टाकलं.

ताई आसनावर बसल्या. पुस्तक मांडीवर घेतलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. माझं पान नव्हतं. त्यांनी मला चालू केलं. मी तपासणी केली, पहिलं पान दाखवलं, आणि त्यांचा अंगठा सवयीने वर आला. बटणापाशी येऊन तो थांबला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी दुसरी ओळ वाचत होतं. ताईंनी ती मोठ्याने वाचली. "शेजारच्या सूचनेत वाचा." मग इकडे तिकडे बघितलं. "कुठली सूचना? इथे तर सूचना नाहीच."

भाऊजी पंखाशी उभे राहून काच पुसत होते. त्यांचं फडकं थांबलं.

ताईंची नजर माझ्या खाली गेली. "भाऊजी, हे घड्याळ कोणी लावलं?"

"आधीपासूनच आहे ते."

"सेल कोण बदलतं ह्याचा?"

भाऊजींचं फडकं पुन्हा जोरात चालू झालं. मी चार आणि एक पाच केले. इथे कोणीतरी खोटं बोलतंय, एवढं मला स्वच्छ कळलं.

ताईंनी नख घालून घड्याळ उपटलं. त्याच्या खाली बोटभर रुंदीची एक पत्र्याची पट्टी होती. त्यांनी वाचली, आणि त्यांचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. "केवळ स्वच्छ हवेत, बाहेर बघून उडताना वापरावा. दुसऱ्या रेडिओवर बोलताना उपग्रहांचा संपर्क तुटतो."

मला काय वाटलं ते कसं सांगू? नऊ वर्षं मी त्या बिचाऱ्या उपग्रहांना लबाड म्हणत आलो होतो. ते बोलतच होते. मलाच ऐकू येत नव्हतं. माझ्याच शेजारी, माझ्याच पॅनेलमध्ये बसलेला रेडिओ बोलायला लागला की माझे कान बंद होत होते. साऱ्या जगाची उलटतपासणी घेणारा मी, स्वतःला कधी एक प्रश्न विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ताईंनी दुसरा रेडिओ चालू केला. बोलण्याचं बटण दाबून त्या नुसत्या "एक, दोन, तीन" म्हणाल्या. माझ्या पाटीवरचे सात उपग्रह चार झाले, चाराचे दोन, आणि मग एकही उरला नाही. त्यांनी बटण सोडलं आणि ते उपटलेलं घड्याळ तळहातावर धरून सेकंद मोजले. मी परत शुद्धीवर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अकरा सेकंद. भाऊजी, दोन डोंगरांच्या मधे अकरा सेकंद म्हणजे किती हो?"

"पहिल्या रेडिओवर बोल ना मग," भाऊजी म्हणाले. "त्याने काही होत नाही. मी करून बघितलंय."

"करून बघितलंय?"

भाऊजी पंखाला टेकले. "सेल बदलताना दिसली होती पट्टी. म्हटलं, तू कुठे ढगात जातेस. डॉक्टर आले तेव्हा सांगणार होतो. पण तुझी थोरली ताई त्या दिवशी किती दिवसांनी हसली होती. नाही सांगवलं. डबा वाईट नाहीये गं, चिमे. पहिल्या रेडिओवर बोललीस तर कोणाला काही कळणार नाही."

"आणि पहिला बंद पडला तर? ढगात गेल्यावर?" ताई म्हणाल्या. "पट्टीवर 'स्वच्छ हवेत' लिहिलंय भाऊजी. 'जमेल तसं' नाही लिहिलेलं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं की बाईने ते घड्याळ मुकाट्याने होतं तिथे लावावं. ती दोन अक्षरं गेली की माझं काय उरणार होतं? मोठेपणाची चटक मलाही लागली होती. साहेबांच्या सुबक अक्षरातला तो 'जी' म्हणजे मी, ह्या एका गोष्टीवर मी ताठ बसलो होतो. मी ताईंकडे बघत होतो, भाऊजी ताईंकडे बघत होते. ताई घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांनी मला बंद केलं आणि घड्याळ खिशात टाकून त्या उतरल्या.

काउंटरवर जाऊन त्यांनी खोडरबर उचलला. आधी आर खोडला, मग जी. कागद फाटेल इतक्या जोरात खोडला, असं काका सांगतात. मग मागे वळून डॉक्टरांना म्हणाल्या, "आज ढग उठले तर नेईन. नाही उठले तर नाही. ह्या विमानातून ढगात नाही नेणार मी तुम्हाला."

"अहो, तिकडे चौदा माणसं उपाशीपोटी बसवून ठेवलीत मी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेटी उचलली आणि सरळ समोरच्या हँगरकडे चालू लागले.

वीस मिनिटांनी काकांचा पुतण्या फॉर्म घेऊन आला. डॉक्टर त्याच्या मागेच होते. दहावा रकाना, एस, जी, आर. त्यानेही काचेखालचंच उतरवलं होतं. ताई अजून बाकावर बसल्या होत्या, आणि भाऊजींची नजर काकांवर खिळली होती.

"पान दाखव," काका म्हणाले.

"काका, मी आहे."

"कोण तू?"

पुतण्या हसला. काका हसले नाहीत. पान त्याच्याकडे नव्हतं. कुठेतरी असेल म्हणाला, आधीच्या मालकाकडे राहिलं असेल म्हणाला. खोडरबर त्याच्याकडेही सरकला. मग काकांनी काउंटरची काच उचलली, बडेसाहेबांचा फॉर्म बाहेर काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि काच परत बसवली. त्या दिवशी डोंगराकडे कोणीच उडालं नाही. ढग संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. डॉक्टर मोटारीने गेले.

त्यानंतर तीन मंगळवार डॉक्टर फिरकले नाहीत. भाऊजी आणि ताई एकमेकांशी कामापुरतं बोलत होते, ते सुद्धा पाना, पक्कड एवढंच. चौथ्या आठवड्यात डॉक्टर हँगरच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "माझ्या टेबलावर कोणी 'चालतंय हो' म्हणालं की त्याला मी खोलीबाहेर काढतो. तुमचं ते खोडणं मी बघत होतो. डबा बदलून घ्या, मी थांबतो." असं म्हणाले खरे. पण सहा तासांच्या रस्त्याने त्यांची पाठही धरली होती, हे मी ऐकलंय. कोणत्या कारणाने आले, ह्याबद्दल मला अजून खात्री नाही.

मला भाऊजींनीच काढलं. चार स्क्रू सोडवायला त्यांनी बराच वेळ घेतला. मला हातात धरून म्हणाले, "तुझा काही दोष नाही रे." मग स्वतःशीच पुटपुटले, "माझा आहे." नव्या डब्याचा अँटेना त्यांनी शेपटीकडे नेऊन बसवला, दोन्ही रेडिओंवर बोलून बोलून घसा बसवून घेतला, तपासणी अधिकाऱ्यांना बोलावून पुस्तकात पान चढवून घेतलं. ताईंनी ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मगच मान डोलावली. त्या दिवशी त्या भाऊजींना म्हणाल्या, "चला, माझी ताई घरी जेवायला थांबली असेल."

मला खोक्यात घालून माळ्यावर टाकणार होते. काकांनी मागून घेतलं. आता मी काउंटरवर आहे, कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेलं वजन. माझ्यात वीज नाही. उपग्रह वर बोलतच असतील, पण माझ्यापर्यंत काही येत नाही. त्यांची एकदा माफी मागायची होती, ती राहून गेली. समोर ते गोल घड्याळ भिंतीवर लावलंय. त्याचा सेल आता काका बदलतात, आणि दर वेळी आधी त्याच्या मागे डोकावून बघतात.

तुम्ही फॉर्म भरायला आला असाल तर एवढंच सांगतो. शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवू नका, काचेखालच्याही नाही. जाऊन डब्याचं पहिलं पान दुसऱ्या ओळीपर्यंत वाचा. त्याला विचारा, बाबा रे, फॉर्मवर लिहितोय ते अक्षर तू खरंच आहेस का? तो खोटं बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

ताई दर मंगळवारी येतात. एस, जी, आर लिहितात, न मागता पान पुढे करतात. निघताना त्यांचा अंगठा एकदा माझ्या बटणावर टेकतो आणि जरा वेळ तिथेच राहतो. का, ते मी अजून तपासलेलं नाही. मग काका मला उचलून बाजूला ठेवतात, पुढच्या माणसाला एक कोरा फॉर्म देतात आणि मला पुन्हा गठ्ठ्यावर बसवतात. माझ्या खाली शंभरेक दहावे रकाने आहेत. अजून कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणून ते सगळे खरे आहेत.